नग्नपुलिनशिष्टाचारमीमांसा
अर्थात परदेशी किनाऱ्यावर टॉवेल कोठे ठेवावा याचा साधकबाधक विचार

अनुबंध

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. तो पाळतो.

विषय : युरोपातील काही समुद्रकिनारे, तळ्यांचे काठ, सॉना आणि क्वचित एखादा डोंगर येथे माणसे अंगावर काहीही न घालता वावरतात, त्यासंबंधीचे आचारनियम. प्रयोजन : आपल्या प्रवाशांची फजिती टाळणे. संबंध : या विषयाशी प्रवाशाचा संबंध येऊ नये अशी त्याच्या घरच्यांची इच्छा असते, परंतु तो येतो. अधिकारी : ज्यांचा मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला आहे, जे उन्हाळ्यात तिकडे राहायला गेले आहेत आणि जेवण झाल्यावर शतपावलीसाठी म्हणून तळ्याच्या दिशेने निघाले आहेत, ते सर्व आईबाबा या शास्त्राचे अधिकारी होत. स्वतः विवस्त्र होऊ इच्छिणारा हा येथे दुय्यम अधिकारी मानला आहे. त्याचे त्याला बरोबर समजते. खरी पंचाईत कपडे घातलेल्याची होते.

मुख्य सिद्धांत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला मधली पाने चाळता येतील. कपडा माणसाची पाच-सहा कामे बिनबोभाट करत असतो. तो हद्द दाखवतो, आसन होतो, समोरच्याच्या नजरेला थारा देतो, खिसा पुरवतो, पायरी सांगतो आणि ऊब देतो. कपडा उतरला की ही सगळी कामे रीतिरिवाजाच्या अंगावर पडतात. म्हणून विवस्त्रांच्या किनाऱ्यावर जेवढे नियम असतात, तेवढे लग्नाच्या मांडवातही नसतात.

पूर्वेतिहास

या आचाराचा उगम जर्मनीत झाला, असे जर्मन लोकांसह सगळेच धरून चालतात. ठाणेकरांनी या मताला हरकत घेण्यास पुरेसा आधार आहे. पाश्चात्य धर्तीच्या विवस्त्र मंडळांपैकी ज्ञात असलेले सर्वांत जुने मंडळ १८९१ साली आपल्याकडे निघाले. संस्थापक होते ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड. मंडळाचे नाव ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’, बैठकीचे स्थान माथेरान आणि एकूण सभासद तीन : स्वतः न्यायाधीश आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे.

तीन माणसांचे मंडळ असले तरी अध्यक्ष न्यायाधीश असल्याने नियमावली लेखी होती. क्रॉफर्डसाहेबांनी इंग्लंडमधील लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांतून ती आपल्याला कळते. सभासदाने पूर्ण विवस्त्र असावे, मात्र अंगठी, चष्मा आणि कवळी यांस मुभा आहे, असा तिचा आशय. या शास्त्राचे पुढील सव्वाशे वर्षांचे वळण येथेच ठरले. कपडे काढून टाकायचे ठरवल्याबरोबर पहिला प्रश्न उभा राहिला तो कवळी हे वस्त्र की अवयव हा, आणि तो सोडवायला नियम करावा लागला.

मंडळ फार काळ चालले नाही. क्रॉफर्डसाहेबांची रत्नागिरीला बदली झाली आणि १८९४ साली ते वारले. सरकारी बदलीने बंद पडलेली ही महाराष्ट्रातील पहिली चळवळ नसावी, आणि शेवटची तर नाहीच.

जर्मनांनी हाच विचार नेटाने पुढे नेला. कारखान्यांचा धूर, कोंदट घरे आणि आवळून बांधलेले कपडे यांना कंटाळलेल्या मंडळींनी ऊन, हवा आणि पाणी यांचा पंथ काढला. रिचर्ड उंगेविटर यांचे नग्नतेवरचे पुस्तक १९०६ साली आले. उत्तर समुद्रातील झ्युल्ट बेटावर १९२० मध्ये अधिकृत नग्नकिनारा सुरू झाला. या पद्धतीला तिकडे ‘एफकेके’ म्हणतात आणि किनाऱ्यावरच्या पाट्यांवर तीन अक्षरांत तेवढेच लिहिलेले असते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने तिच्यावर बंदी घातली. पुढे पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारने १९५४ साली बाल्टिक किनाऱ्यावर पुन्हा बंदी घालून पाहिली आणि लोक ऐकेनात तेव्हा १९५६ मध्ये नियम करून परवानगी दिली. त्या देशात पुढे वर्तमानपत्र, मतदान आणि प्रवास यांवर कडक नियंत्रण राहिले, पण पोहण्याचा पोशाख ऐच्छिक झाला.

इकडे मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र छापत होते आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. जर्मनीत हा विषय वाळूत निघाला, आपल्याकडे तो कोर्टात. विषयाचे गांभीर्य कोणी अधिक ओळखले, हे वाचकाने ठरवावे.

हद्दप्रकरण

कपडे घातलेला माणूस कोठेही तोच असतो. विवस्त्र माणूस पाटीच्या अलीकडे गुन्हेगार आणि पलीकडे सभ्य नागरिक असतो. म्हणून पाटी वाचता येणे ही या शास्त्राची पहिली पायरी.

बाल्टिक किनाऱ्यावर वाळूचे साधारण तीन वर्ग पाडलेले असतात : विवस्त्रांचा, कपडेवाल्यांचा आणि कुत्र्यांचा. कपडेवाल्या वर्गाला तिकडे ‘टेक्सटिल’ म्हणतात. आपण मुंबईहून निघताना सद्गृहस्थ होतो आणि येथे केवळ कापड झालो, हे लक्षात येऊन प्रवाशाला थोडे वाईट वाटते. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात स्टडलंड येथे पाटीचे शब्द अधिक मुत्सद्दी आहेत. या खांबापलीकडे विवस्त्र माणसे दृष्टीस पडण्याची शक्यता आहे, एवढेच ती सांगते. दिसतीलच अशी हमी ती देत नाही, आणि पाहायला जा असेही म्हणत नाही.

हद्दीचा कठीण प्रसंग ऊझेडोम बेटावर उद्भवला. हे बेट जर्मनी आणि पोलंड यांच्यात वाटलेले. डिसेंबर २००७ मध्ये पोलंड शेंगेन करारात आला, सीमेवरची तपासणी संपली आणि श्वीनोउइश्चेचे पोलिश लोक रविवारी सहकुटुंब किनाऱ्याने चालत चालत जर्मन नग्नवाळूत येऊन पोहोचले. पोलिश म्हणाले, लाज नाही का? जर्मन म्हणाले, पाटी नाही का दिसत? दोघेही आपापल्या देशात बरोबर होते. पासपोर्टाची गरज सरकारने काढून टाकली, पण चड्डीची सीमा तिथल्या तिथे राहिली.

उलट बाजूचे अपराधही आहेत. रोस्टॉक शहराने २०२४ साली किनाऱ्याचे नियम नव्याने केले. विवस्त्रांसाठी राखलेल्या वाळूत कपडे घालून ठाण मांडणाऱ्याला हुसकावण्याची सोय त्यांत आहे. तेथे अंगावर शर्ट असणे हा आगाऊपणा ठरतो. फ्रान्सच्या लेव्हां बेटाची गंमत याहून बारीक. दोन डॉक्टर भावांनी, म्हणजे ड्युरव्हिल बंधूंनी, १९३१ मध्ये तेथे ‘हेलिओपोलिस’ हे विवस्त्रांचे गाव वसवले. किनाऱ्यावर वस्त्र नको, बंदरात उतरताना मात्र लंगोटीपुरते तरी हवे. बेटाचा उरलेला बहुतांश भाग फ्रेंच लष्कराकडे आहे. म्हणजे एकाच बेटावर दोन पंथ, आणि दोघांचेही पोशाखाचे नियम कडक.

बार्सिलोनाने २०११ मध्ये रस्त्यावरच्या नग्नतेला दंड लावला आणि त्याच नियमात किनारा सोडून शहरात पोहण्याच्या कपड्यांनिशी हिंडणाऱ्यालाही गोवले. वाळूवर जी बिकिनी सभ्य, ती सुपरमार्केटच्या रांगेत दंडनीय.

डोंगराचा प्रश्न स्वित्झर्लंडने सोडवला. आपेनझेल इनररोडन या चिमुकल्या प्रांतात नागरिक चौकात जमून हात वर करून कायदे करतात. २००९ मध्ये त्यांनी विवस्त्र गिर्यारोहणाला २०० फ्रँक दंड ठरवला. शेजारच्या आउसररोडनमध्ये एक गृहस्थ त्याच वेषात, म्हणजे वेषाविना, मुलाबाळांसह सहलीला आलेल्या एका कुटुंबासमोरून आणि पुढे एका धार्मिक व्यसनमुक्ती केंद्रावरून चालत गेले. त्यांना झालेला १०० फ्रँकांचा दंड २०११ साली स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. पायात बूट आणि पाठीवर पिशवी असल्याने मनुष्य वस्त्रांकित होत नाही, असे यावरून सिद्ध होते.

आसनप्रकरण, म्हणजेच टॉवेलाधिकरण

आता ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू.

संशय : टॉवेल गुंडाळावा की अंथरावा?

पूर्वपक्ष : गुंडाळावा. मोरीपासून कपाटापर्यंतचा प्रवास टॉवेल गुंडाळून करणे हा आपला कुलाचार आहे. पंचाचा जन्मच त्यासाठी झाला. शिवाय नवख्या माणसाला टॉवेलाचा तेवढाच आधार असतो.

उत्तरपक्ष : अंथरावा. विवस्त्र माणूस ज्या खुर्चीवर बसतो, तिच्यावर त्याच्यानंतर दुसरा विवस्त्र माणूस बसणार असतो. एवढे एक वाक्य नीट समजले की पुढील सर्व नियम आपोआप सुचतात. बाक, खुर्ची, पायरी, उपाहारगृहातले स्टूल, कोठेही आधी टॉवेल, मग आपण. फ्रान्समधील मोंतालिव्हे येथे १९५० साली सुरू झालेले सुट्टीकेंद्र असो की क्रोएशियात व्हर्सारजवळचे १९६१ पासूनचे कोव्हर्साडा असो, उन्हात किती वेळ बसावे, काय खावे, देव मानावा की नाही, यांवर या लोकांत मतभेद सापडतील. टॉवेलावर मतभेद नाहीत.

सॉनामध्ये हा नियम आणखी बारीक होतो. लाकडाच्या फळीला घाम लागता कामा नये, म्हणून टाचासुद्धा टॉवेलावर हव्यात. आणि पोहण्याची चड्डी घालून आत आलेल्याला जर्मन आजी बाहेर काढतात. क्लोरीनच्या पाण्यात भिजलेले, घाम साठवणारे कापड त्यांच्या दृष्टीने अस्वच्छ असते. आपला माणूस येथे गोंधळतो, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चड्डी घातल्याबद्दल बोलणी बसत असतात. त्याने आपल्या आजीचे सोवळे आठवावे. स्वयंपाकघरात बाहेरचे कापड नेलेले आजीला जेवढे खपत नसे, तेवढेच या आजींना सॉनात खपत नाही. शुद्धीची कल्पना तीच, फक्त रेशमी मुकट्याऐवजी येथे काहीच नेसायचे नाही.

उपनियम असा की टॉवेल दोन असावेत, एक बसण्याचा आणि एक अंग पुसण्याचा. त्यांची अदलाबदल हा महादोष.

सिद्धांत : गुंडाळलेला टॉवेल एकाची लाज राखतो, अंथरलेला टॉवेल सर्वांची.

दृष्टिप्रकरण

कपडे असताना नजरेला पुष्कळ काम असते. साडीचा पोत, शर्टाची गुंडी, खिशातले पेन. कपडे गेल्यावर नजर बेकार होते आणि बेकार नजर वाईट मार्गाला लागते.

नियम साधा आहे : बोलताना डोळ्यांत पाहावे, बोलत नसताना पाण्याकडे. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात समोरच्याला ठाणे ते दादर निरखत बसणे हा दोष मानत नाहीत. तिकडे तो मोठा दोष आहे. परंतु न पाहण्याचाही अतिरेक होतो. मान वर करून ढगांचे निरीक्षण करत चालणारा गृहस्थ सर्वांच्या लक्षात येतो आणि शेवटी कोणाच्या तरी टॉवेलावर पाय देतो. गॉगलविषयी दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, तो उन्हापासून रक्षण करतो. दुसरा म्हणतो, तो संशयापासून रक्षण करत नाही. दोन्ही पक्ष ग्राह्य.

मोबाइल पिशवीतून बाहेर काढू नये. सूर्यास्ताचा, स्वतःचा किंवा भावजींना पाठवण्याचा, कसलाही फोटो घेऊ नये. या एका बाबतीत प्रायश्चित्त नाही. रखवालदार येतो किंवा पोलीस येतात.

ओळखीचा माणूस भेटल्यास काय करावे, हा प्रश्न विशेषतः म्युनिकच्या मराठी मंडळींना पडतो. तेथील इंग्लिश गार्डन ही बाग शहराच्या मध्यावर आहे. तिच्या गवतावर दुपारच्या सुट्टीत लोक कपडे काढून ऊन खातात. २०१४ मध्ये महापालिकेने शहरात अशा सहा जागा ठरवून दिल्या. कचेरीतला वरिष्ठ तेथे दिसल्यास मान हलवावी, नमस्कार म्हणावे, हवेविषयी एक वाक्य बोलावे आणि पुढे जावे. त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तर ते करावे. मिठी मारू नये. सोमवारी कचेरीत विषय काढू नये. तोही काढत नाही, आणि पगारवाढीवर त्याचा परिणाम होत नाही.

खिसा व पायरी

फ्रान्सच्या काप द आग्द येथील विवस्त्रांच्या वसाहतीत लोक त्याच अवस्थेत पाव आणायला बेकरीत जातात. टीकाकार विचारतात, लाज कोठे ठेवतात? गृहकृत्यदक्ष वाचक विचारील, पैसे कोठे ठेवतात? दुसरा प्रश्न अधिक शास्त्रीय आहे. उत्तर : गळ्यातल्या किंवा खांद्यावरच्या पिशवीत. चपला पायात, टोपी डोक्यावर. कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे हा आपल्याकडे निर्लज्जपणाचा कळस समजतात. तेथे तो उष्माघातावरचा वैद्यकीय सल्ला आहे.

पायरीचा प्रश्न नाजूक आहे. कपड्यांवरून साहेब कोण आणि शिपाई कोण हे कळते, वाळूत कळत नाही. पूर्व जर्मनीत आरेन्सहोपच्या किनाऱ्याविषयी एक आख्यायिका सांगतात. सांस्कृतिक मंत्री योहानेस बेखर हे नग्नस्नानाचे विरोधक. त्यांना वाळूत एक प्रौढ बाई तोंडावर वर्तमानपत्र पसरून विवस्त्र पहुडलेली दिसली. मंत्र्यांनी तिला ‘म्हातारी डुकरीण’ म्हणत लाज काढली. वर्तमानपत्र बाजूला झाले, तर त्या प्रख्यात कादंबरीकार आन्ना झेगर्स निघाल्या. पुढे एका पुरस्काराच्या समारंभात मंत्रिमहोदयांनी ‘प्रिय आन्ना’ अशी सुरुवात केली, तेव्हा त्या सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की तुमच्यासाठी मी म्हातारी डुकरीणच. कथा घडली असो वा नसो, तिच्यातला विधी पक्का आहे : तोंड दिसत नसलेल्या माणसाशी उद्धट बोलू नये.

शीतप्रकरण

‘उघड्याजवळ नागडे गेले आणि सारी रात्र हिवाने मेले’ ही आपली म्हण ज्याने रचली, त्याने बाल्टिक समुद्र पाहिला नसणार, पण त्याला तो समजला होता. भर ऑगस्टातही तेथले पाणी वीस अंशांच्या आसपास असते आणि वारा अखंड. म्हणून विल्हेल्म बार्टेलमान या रोस्टॉकच्या बुरुडाने १८८२ मध्ये किनाऱ्यावर बसण्यासाठी वेताची आडोशाची खुर्ची बनवली, तिचाच विस्तार पुढे सर्व किनाऱ्यांवर झाला. तिच्यात विवस्त्र जोडपी कॉफीचा थर्मास घेऊन बसलेली असतात. चेहऱ्यावर सुखापेक्षा कर्तव्याचा भाव अधिक असतो. ब्रायटनने १९८० मध्ये अधिकृत नग्नकिनारा दिला तो गोट्यांचा. तेथे वाळू नाही. इंग्रज माणूस मौजेतही थोडी शिक्षा ठेवतो.

उन्हाचे मलम पाठीला लावायला अनोळखी माणसाला सांगू नये. जन्मात ऊन न पाहिलेल्या भागांना ते दुप्पट लावावे आणि स्वतः लावावे.

अपवाद : गोवा

वरील सर्व नियम गोव्यात रद्द समजावेत. सत्तरच्या दशकात हणजुणच्या वाळूत विदेशी हिप्पी विवस्त्र पडत आणि त्यांना पाहायला देशी पर्यटक बसगाड्या भरून येत, त्या आठवणीवर अजून कोणी विसंबून असेल तर त्याने राहू नये. येथे कायदा सर्व वाळूला सारखा आहे. सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असे अश्लील कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

येथे कोणी विचारील की नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभात नागा साधू विवस्त्र स्नान करतात आणि लोक त्यांना हात जोडतात, ते कसे? उत्तर सोपे आहे. त्यांनी घर, नाव आणि पैसा सोडून मग वस्त्र सोडले. किनाऱ्यावरच्या पर्यटकाने फक्त वस्त्र सोडलेले असते, आणि तेही सोमवारपर्यंत. त्यागाला नमस्कार मिळतो, सुट्टीला पाटी लागते.

प्रायश्चित्त व फलश्रुती

शतपावली करता करता चुकून पाटी ओलांडली गेली तर पुढीलप्रमाणे वागावे. थबकू नये. ओरडू नये. ‘अगंबाई’ हे मनात म्हणावे. यजमानांनी सौभाग्यवतींचे डोळे झाकू नयेत, त्यांनीही यजमानांचे झाकू नयेत. त्याने दोघेही पडतात. पाण्याकडे पाहत संथपणे वळावे आणि आल्या वाटेने परतावे. कोणी ‘हालो’ म्हणाले तर ‘हालो’ म्हणावे. परत आल्यावर मुलाला ‘आधी सांगायचे नाहीस का’ म्हणून रागवू नये. त्याला वाटले होते की पाटी वाचाल.

जो हे शास्त्र नीट वाचील, त्याला परदेशी वाळूत आणि परक्या घरात सारखेच वागता येईल : यजमानांची पाटी वाचावी, दिसेल ते सगळे पाहू नये, बसण्याआधी आपले आसन घालावे. कपडे उतरवावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. टॉवेल मात्र घरून न्यावा, कारण हॉटेलचा नेला आणि वाळूत राहिला तर बिलात लागतो.